दोन चमचे, कोमट पाण्यात

वाशीम, बस स्टँड
गुरुवार, ११ डिसेंबर २०२५

प्रिय संघदीप,

सप्रेम जयभीम. तू, सपना अन् रेणू बरे असाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तू बरा नाहीस, हे मले माहीत आहे. मंगळवारी सपनाचा फोन आला होता. तिच्यावर चिडशील तर याद राख.

तीन वर्सं झाली, तू माहा फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. शिरपूरच्या दोन बसा डोळ्यासमोरून गेल्या. चढली नाही. दुसऱ्या खेपेले कंडक्टरनं विचारलं, "ताई, यायचं हाय का नाही?" म्हटलं, मागून येते. आता आपल्या गल्लीतला देवमन काका दिसला, त्याच्याच हाती हे देते. फाडायचं तर वाचून फाड.

तुरीले शेंगा धरल्या म्हणे. रेणू पाढे म्हणते का? माहं नागपूरच्या लॅबमधलं काम अजून जुनंच. पेशंटच्या गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर लावून रंगवायचे. पाहायचं काम डॉक्टरचं.

दिवाळीनंतर आमच्या डॉक्टर मॅडमनं नवीन अभ्यास काढला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे जुने तुकडे कपाटातून काढायचे अन् त्यात पाण्याची दारं किती, ते पाहायचं. हसू नको. आपल्या पेशीच्या भिंतीत पाणी जाया-याची बारीक दारं असतात, अ‍ॅक्वापोरिन म्हणतात त्याले. रंग टाकला की दारं असतात तिथं तपकिरी होते. ज्याच्या गाठीत लय तपकिरी, त्याचा आजार लवकर पसरते का, तो माणूस किती जगला, हे जुळवून पाहून राह्यले. जुळलं तर पुढच्या पेशंटले आधीच सांगता येईल. मॅडम म्हणते, अजून काही पक्कं नाही.

सदतिसावा तुकडा हातात घेतला, अन् त्याच्यावरचा नंबर माह्या अक्षरात होता.

बाबाचा. ऑपरेशन झालं तवा मीच मेणात बसवला होता. आपण बाबाले अग्नी दिला, राख सोडली, समजलो झालं. नाही झालं रे. नखाएवढा बाबा कपाटात बसून होता अन् मी रोज त्या कपाटासमोरून जात होती.

तवापासून बाबा लॅबमध्ये आहे. भर दुपारी. मशीनचं चाक फिरवते तर मागं अनवाणी पाय वाजतात. लिंबाची बेचकी फांदी धरून लोकाच्या वावरात पाणी पाहायचा ना, चप्पल काढून, तसेच. वळून पाह्यलं तर कोणी नाही. पाल्याचा वास मात्र येते. बाकीच्या पोरींले येत नाही, मी विचारलं.

ज्यांच्या विहिरीवर आजोबाले घागर लावू देत नव्हते, त्यांच्या नातवांले बाबानं बोअरची जागा दाखवली. पण आपल्या दोन एकरात कधी फांदी धरली नाही. "घरच्यासाठी हात खोटं बोलते," म्हणे. मॅडमचाही हाच नियम, आपल्या माणसाची काच आपण हाताळायची नाही. मी सांगितलंच नाही. रंगवली. मॅडम जेवायले गेल्यावर पाहूनही घेतली.

सारी तपकिरी.

खरं सांगू? मले आनंद झाला. बापाच्या काचेकडं पाहून पोरगी हासून राह्यली. मनात म्हटलं, दारं इतकी होती तर दवाखान्यात लवकर आणला असता तरी गेलाच असता. म्हणजे कोणाचीच चूक नाही. मग काच उतरवून ठेवली. एका काचेवरून असं काही म्हणता येत नाही, हे मीच रोज ऐकते. माहा हात खोटं बोलला होता. अन् तो तुह्यासाठी नाही, माह्यासाठी बोलला.

बाबा गेल्यावर जलदान विधीले चाळीस माणसांत मी तुले म्हटलं, तू बाबाले वेळेवर आणलं नाही, तू मारलं त्याले. तू मान खाली घालून बसला. भैताड, एक शब्द बोलला नाहीस.

आता जे लिहायचं होतं ते लिहिते. बाबाचा फोन मले आला होता. ऑपरेशनच्या नऊ महिने आधी. "पोरी, रक्त जाऊन राह्यलं." माह्या जेवणाची सुट्टी, मले घाई. म्हटलं, मूळव्याध असंल बाबा, इसबगोल घेत जा, दोन चमचे, कोमट पाण्यात. पुन्हा विचारलंही नाही. दिवसभर मी तोच कॅन्सर कापत होती, संघदीप. दवाखान्यातल्या पोरीनं सांगितलं म्हणून बाबा निर्धास्त झाला. ऑपरेशननंतर तो खाटेवर होता अन् उशीर काहून केला म्हणून मी तुह्यावर ओरडली, तवाही त्यानं फक्त माह्याकडं पाह्यलं. ते पाहणं अजून माह्या पाठीवर आहे.

मले वाटत होतं, हे आमा दोघांलेच माहीत. मंगळवारी सपना म्हणाली, तुले तीन महिन्यांपासून रक्त जाते, पट्टा दोन छिद्रं आत गेला. दवाखान्यात चल म्हटलं की कोनाड्यातला बाबाचा इसबगोलचा डबा काढतोस. तिनं फोटो पाठवला. झाकणावर बाबाचं अक्षर: सुकेशनी म्हणे, दोन चमचे, कोमट पाण्यात.

तुले माहीत होतं. त्या चाळीस माणसांत बसला तवाही डबा घरीच होता.

एका शब्दानं मले उघडी पाडली असती. काहून नाही पाडली? अन् आता त्याच डब्यातून कायले खातोस? मले शिक्षा द्याची तर तोंडानं दे ना बे, आतड्यानं काहून देऊन राह्यला? तुले दोन थापडा माराव्या वाटते, अन् तुहे पाय धरावे वाटते.

सोमवारी नागपूरले तुह्या आतड्याची कॅमेऱ्यानं तपासणी ठरवली आहे. बापाले कॅन्सर होता म्हणजे रक्त गेलं नसतं तरी आपल्या दोघांले करायचीच होती. मी गप राह्यली, म्हणून तेही तुले सांगितलं नाही. माहीही त्याच दिवशी आहे. तुहा तुकडा काढला तर माह्या हातात येणार नाही. काल मॅडमले सारं सांगितलं, त्यांनी बाबाची काच माह्याकडून काढून घेतली. घरच्यासाठी मी आता काही पाहत नाही.

रविवारपर्यंत वाशीमले माही मैत्रीण उज्ज्वला, तिच्या घरी आहे, तिथं ये. तू नाही आलास तर रविवारी सकाळच्या बसनं येईन अन् तुह्या दारात बसीन. त्या चाळीस जणांले एकेकाचं नाव घेऊन खरं सांगीन. ते तर तू आलास तरी सांगीन.

येताना डबा आण, झाकणासकट. त्यातला एक चमचाही आता घेऊ नको. घेतला का नाही, हे यावेळी मी रोज विचारीन.

दोन चमचे सांगणारी,
तुही ताई
सुकेशनी