गोठ्यातलं बरोक

वरकुटे, मंगळवार, दिवेलागण

पेपरासाठी टिंगलीचा लेख लिहायचा म्हणून शेजारच्या तात्यांच्या गोठ्यात गेलो. काकू वारल्यापासून म्हैस पान्हा चोरते, दूध आखडून धरते, म्हणून ते धारेच्या वेळी मोबाईलवर युरोपातलं जुनं बरोक संगीत लावतात. वर व्हायोलिनची वेलबुट्टी, खाली संथ चालणारा खर्ज.

"तात्या, म्हशीला काय कळतंय त्यातलं?"

"तुला तरी कुठं कळतंय? पन मगापासनं हलला न्हाईस."

धार त्या खर्जाच्या लयीत बादलीत पडत होती.

"तुजी काकू धार काढताना आसंच खालच्या आवाजात गुणगुणायची," तात्या म्हणाले. म्हैस डोळे मिटून उभी. मीही, बहुतेक.

उद्या लेख द्यायचाय. काय देऊ? कानात अजून तो खर्ज आहे, आणि लेखणीनं पान्हा चोरलाय.