जहाजाच्या काचा

८ फेब्रुवारी, रविवार

ती. बाबा,

नमस्कार. मी बरी आहे. खोली कोरडी आहे, खिडक्या दोन आहेत, गोंदाचा वास बाहेर जातो. आईच्या गुडघ्याला शेक चालू असेलच. तुमची शुगर तपासली का, हे विचारलं तर तुम्ही चिडणार, म्हणून विचारत नाही.

काल आईचा फोन आला. म्हणाली, "बाबा म्हणतात, काचा गुपचूप बदलून टाक. जुनं काही उकरू नकोस." मागे तुमचं खाकरणं ऐकू येत होतं. सहा वर्षांतला तुमचा हा पहिला निरोप. उत्तर आईच्या तोंडून पाठवायचं नाही, म्हणून हे पत्र.

जहाजाचं ते मॉडेल मी मागितलं नव्हतं. त्या जहाज कंपनीच्या मॅनेजरबाई स्वतः खोका घेऊन आल्या. म्हणाल्या, "वरचे मजले सुटतायत. तुमचे वडील आता कामं घेत नाहीत म्हणे. तुम्ही बघा." आपण दोघांनी सव्वा वर्ष खपून केलेलं ते चार फुटी प्रवासी जहाज टेबलावर आलं, तेव्हा मी आधी जाऊन हात धुतले.

सांधे बघूनच कळत गेलं, कुठे तुम्ही बसला होतात आणि कुठे मी. तळ आणि बाजू माझ्या. तिथे सॉल्व्हंट सिमेंट. नावाला सिमेंट, दिसायला पाणी. ब्रश टेकवला की आपणहून फटीत पळतं, दोन्हीकडचं प्लास्टिक विरघळवतं आणि एकजीव करून टाकतं. ब्लेड घालायला रेघ सापडेना. वरचे दोन मजले तुमचे. तिथे सगळीकडे सुपरग्लू, काही ठिकाणी तर रंगावरच लावलेला. टिचकी मारली की टक्कन सुटत होता, रंगाचा पापुद्रा घेऊन. रंग खरवडल्याशिवाय काही चिकटवायचं नाही, हे मी दहा वर्षांची असताना तुम्हीच बोटांवर पट्टी मारून शिकवलं होतंत.

आणि काचा. अठ्ठेचाळीस खिडक्या, पारदर्शक प्लास्टिकच्या, सगळ्या आतून पांढरट. बंद जागेत सुपरग्लूची वाफ धरते आणि ती पुसून जात नाही. कंपनीतल्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी म्हटलं होतं, "बाबा, काचांना पांढरा गोंद लावू. वाळला की दिसतही नाही." तुम्ही म्हणालात, "तू जेवून ये." जेवून आले तर काचा बसलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर कंपनीच्या साहेबांनी विचारलं, हे असं धुरकट का? तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "मुलीने केलंय. घाई करते."

त्याच संध्याकाळी सामान भरलं आणि घरातून निघाले.

आता मजले उघडल्यावर प्रत्येक काचेच्या कडेला ग्लूचे ओघळ दिसले. नागमोडी. घाईत असे होत नाहीत. तुमचा हात कापत होता, बाबा. गोंद वाळेपर्यंत काच जागेवर ठेवणं तुम्हाला जमलं नसतं. सुपरग्लू दोन सेकंदांत पकडतो, म्हणून तो घेतलात.

यात मी सांगायचं टाळत आलेलं एक आहे, तेही लिहिते. मला हे तेव्हाच माहीत होतं. दोन महिने आधी तुमच्या चिमट्यातून नांगर तीनदा पडला आणि तुम्ही चिमट्याला शिव्या घातल्यात. मी बघून न बघितल्यासारखं केलं. त्या दिवशी डबा संपल्यावरही अर्धा तास मी बाहेर पायरीवर बसून राहिले. आत येऊन "द्या, मी धरते" एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं नाही. वाटलं, बघू दे एकदा माझ्याशिवाय काय होतं ते. हा माझा वाटा, आणि तो मला कबूल आहे. काचांचा आळ कबूल नाही.

तुमचा निरोप तसा उशिराच आला. परवाच मॅनेजरबाईंनी विचारलं, "काचांबद्दल फाइलमध्ये तुमचं नाव आहे, खरं का?"

मी म्हटलं, "खोटं आहे. त्या वडिलांनी लावल्या. हात कापत होता आणि ते कोणाला सांगत नव्हते."

"मग तसं लिहू?"

"लिहा."

जहाजाखालच्या पाटीवर तुमचं एकट्याचं नाव होतं. नव्या पाटीवर दोन आहेत, तुमचं वर, माझं खाली, अक्षरं एका मापाची. तुम्हाला चालणार नसेल तर तुमचं काढून घ्या. माझं निघणार नाही.

काचा सगळ्या नव्याने कापून बसवल्या. राहिलाय डेकचा पितळी कठडा. धातूवर सॉल्व्हंटचं काही चालत नाही, तिथे सुपरग्लूच लागतो, आणि थेंब केवढा घ्यायचा ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं. बुधवारपर्यंत थांबते. यायचं तर या. चिमटा मी धरीन. हात कापला तर कापू दे, लपवायचा नाही, आणि नंतर मी डॉक्टरकडे नेईन तेव्हा कुरकुर करायची नाही. पण आल्यावर आधी एक वाक्य बोलायचं, माझ्याकडे बघून. कोणतं, ते तुम्हाला सांगायला नको.

नाही आलात तर गुरुवारी कठडा मी लावीन. चांगलाच लागेल.

आज्ञाधारक नसलेली,
तुमचीच मुलगी