मेजरचा पट्टा

द्वारका, नवी दिल्ली
३ ऑगस्ट १९९९

श्री. नरसिंहराव यांस,
सा. न. वि. वि.

मेजर सुखरूप पोचला. धौला कुआँपासून ऑटोत एकटा, गळ्यात तुमची चिठ्ठी: ‘अर्जंट मीटिंग आहे, सांभाळून घे.’ इतकी शरीफ सवारी आपण पाहिली नाही, असं ड्रायव्हर म्हणाला.

मी गोळ्यांचे सहा अर्धे तुकडे दिले होते, सकाळी आठ आणि रात्री आठसाठी. सहाच्या सहा परत आले. काल त्याला लागोपाठ दोन झटके आले. फरशीवर पाय झाडत होता बिचारा, आणि मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. एकही गोळी चुकली तर पुढचा झटका थांबेलच असं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय.

दोन वर्षांपूर्वी वेगळं होताना मेजर दोघांचा, असं ठरलं होतं. तो दोघांचाच आहे, पण त्याला तुमच्याकडे पानिपतला पाठवणं बंद. रविवारी आठ ते बारा, इथल्या बागेत भेटा. आणि आधी ‘येतो’ म्हणून कळवू नका. तुम्ही कळवता, मी पट्टा काढते, आणि तो पट्टा तोंडात धरून दुपारपर्यंत दाराशी बसतो. यापुढे तुम्ही फाटकावर आल्याचा इंटरकॉम वाजला, की मगच पट्टा खुंटीवरून निघेल.

फोनवर मी दरवेळी हो म्हणते, म्हणून हे पत्र.

लोभ ठेवालच, वेळही ठेवावी.
गिरिजा

पानिपत
९ ऑगस्ट

सौ. गिरिजास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे कोर्टमार्शलच. गोळ्यांचं चुकलं, मान्य. कंपनीत जर्मन पाहुणे चादरी बघायला आले होते. मेजर त्यांच्याशी इतका खेळला की आजारी वाटेचना. काल येणारच होतो, पण हायवेवर ट्रक उलटला.

दिवाळीत मात्र त्याला इकडे पाठव. इथे केवढं अंगण आहे! तुझ्याकडे तिसरा मजला आणि टँकरचं पाणी. काही लागलं तर माझ्या नव्या मोबाइलवर फोन कर, चोवीस तास चालू असतो.

राग आवरावा, लोभ वाढवावा.
नरसिंह

द्वारका
१२ ऑगस्ट

श्री. नरसिंहराव यांस,
सा. न. वि. वि.

‘सौ.’ लिहिलंत. कागदोपत्री बरोबर आहे.

काल मेजरला पुन्हा झटका आला. घाबरून तुमच्या चोवीस तासवाल्या मोबाइलवर चार वेळा फोन केला. चारही वेळा एका बाईंनी गोड आवाजात सांगितलं, की तुम्ही संपर्काच्या बाहेर आहात. पंचवीस वर्षांत तुमचं इतकं नेमकं वर्णन कोणी केलं नव्हतं.

दिवाळीचं उत्तर ‘नाही’. घरात तुम्हा कॅप्टनपेक्षा वरच्या हुद्द्याचं कोणी हवं, म्हणून ‘मेजर’ हे नाव तुम्हीच हौसेने ठेवलंत. तेव्हा हा हुकूम त्याचा समजा.

लोभ आहे तेवढा पुरे.
गिरिजा

पानिपत
२३ ऑगस्ट

सौ. गिरिजास,
अनेक आशीर्वाद.

काल मी सात चाळीसला फाटकावर हजर! रजिस्टर बघ. नियम आठचा, म्हणून आठपर्यंत इंटरकॉम करू नको, असं मीच चौकीदाराला सांगितलं. तो मल्हारी आपल्याच पलटणीचा निघाला, साताऱ्याकडचा. मग जुन्या पोस्टिंगच्या गोष्टी निघाल्या, त्याने चहा पाजला आणि थोडा वेळ गेला. तरी वेळेवर आलो, हे तुला मान्य करावंच लागेल. आता दिवाळीचं बघ.

उत्तराची वाट पाहतो.
नरसिंह

द्वारका
२५ ऑगस्ट

श्री. नरसिंहराव यांस,
सा. न. वि. वि.

रजिस्टर पाहिलं. त्याप्रमाणे तुम्ही सात चाळीसला आलात. माझा इंटरकॉम पावणेनऊला वाजला. आपला संसारही असाच झाला. तुम्ही आलेलेच असायचात, फक्त वर पोचायचा नाहीत.

दिवाळीचं उत्तर अजूनही ‘नाही’. रविवार चालू राहील. तुम्हाला पाहून मेजर बागेत पिल्लासारखा धावला, ते मी गॅलरीतून पाहिलं.

एक कबुली देते. तुमची वाट त्या दिवशी मेजरने पाहिली नाही. गोळी घेऊन तो पलंगाखाली गाढ झोपला होता. पट्टा मात्र साडेसातलाच खुंटीवरून निघाला होता, आणि इंटरकॉम वाजेपर्यंत तो हातात धरून दाराशी कोण बसलं होतं, ते तुम्ही ओळखालच.

म्हणून आता पट्टा मल्हारींच्या केबिनमध्ये ठेवलाय. येताना तिथूनच घ्या, जाताना तिथेच टांगा. मेजरला खाली तेच आणतील.

लोभ खालीच असावा.
गिरिजा