बाईचा प्रश्न राहिला

मंठा, ८ फेब्रुवारी १९९७

वडीगोद्रीहून आल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. चौदा वर्षं आमच्या नाटकमंडळाचा एकच नियम. नाटक संपलं की नटांनी तोंडाचा रंगही न पुसता गावासमोर बसायचं, गाव विचारील त्याचं उत्तर द्यायचं. आज त्या वेळात पुढाऱ्याचा सत्कार झाला. आम्हाला गावोगाव नेणारी जीप त्यांची ना!

पुढं बसलेल्या एका बाईनं हात वर केला. आमचा दिग्दर्शक माधव म्हणाला, "मावशी, पुढच्या खेपेला."

"आत्ता तुम्हीच सांगून राह्यल्ते, बायांनो गप बसू नका म्हणून. मंग बोलू द्या की!"

लोक हसले. मीही हसले. का हसले? नाटकातलं ते वाक्य तर मीच लिहिलेलं. तरी तिचा हात वरच होता.

जीपमध्ये माधव म्हणाला, "ताई, साहेबांना किती ताटकळत ठेवायचं?" त्यांच्या प्रचारसभेसाठी नवं नाटक सोमवारी हवंय. नाही दिलं तर जीप बंद, मंडळही बंद. अर्धं लिहून झालंय.

पुढचं लिहिणार नाही. माधवला सांगण्याआधी उद्या जालन्याला गाडी बदलून वडीगोद्रीला जाते. बाईचं नावही माहीत नाही. शोधीन, आणि तिला काय विचारायचं होतं ते ऐकीन.