माझ्या श्वासाच्या चौकशीचा निषेध

भवानीपूर, कलकत्ता
१७ डिसेंबर १९७८

तीर्थस्वरूप श्यामसुंदररावांना, तुमच्या मेहुण्याने पूर्ण शुद्धीत आणि टक्क जागेपणी केलेला नमस्कार. (हे मुद्दाम लिहावं लागतंय.) तुमची कंबर आता कशी आहे? नागपुरात थंडी पडली असेल, जपा. तुमचं काळजीचं पत्र मिळालं. ‘ह्यांचा झोपेत श्वास थांबतो’ असं तुमच्या बहिणीने, म्हणजे विमलने, तुम्हाला कळवल्याचं त्यावरून समजलं. साफ खोटं! बावन्न वर्षांत मला तो थांबलेला एकदाही दिसलेला नाही.

काय झालं ते माझ्याकडून ऐका. गेल्या रविवारी घरी सत्यनारायण केला. चौथ्या अध्यायात माझे डोळे जरा मिटले. घोरलो म्हणतात. घोरलो असेन! सकाळपासून उपाशी माणूस, पुढ्यात शिऱ्याचं पातेलं, आणि दत्तात्रय गुरुजींचा (एरवी ते बँकेत असतात) आवाज तसला. मधेच घोरणं थांबलं तेव्हा मंडळींना हायसं वाटलं. एकटे शेजारचे डॉक्टर सान्याल, ज्यांना आम्ही प्रसादाला बोलावलं होतं, ते ताडकन उठून उभे राहिले. भला माणूस, पण परदेशी मासिकं फार वाचतो. पूजेत बायको नवऱ्याच्या हाताला हात लावून बसते ना, तशी विमल बसली होती. तिने मान न वळवता, कथा ऐकता ऐकता, मला दोन बोटांनी ढोसलं, आणि मी म्हणे फुस्सकन श्वास घेतला. हे नेहमी करता का, असं डॉक्टरांनी विचारलं, तर म्हणते कशी, रात्रभर हेच तर करते. वर हसली!

डॉक्टर म्हणतात, घोरण्याला ते भीत नाहीत, मधल्या शांततेला भितात. श्वास अडला की माणूस अर्धवट जागा होतो, पुन्हा झोपतो, पुन्हा अडतो, आणि मग दिवसा पेंगतो. साहेबांसमोर पेंगणं ही इतकी वर्षं मी सरकारी शिस्त समजत होतो, ते लक्षण निघालं!

दुसऱ्या दिवशी दुपारी मला इस्पितळात नेलं. डोक्याला मलम फासून वायरी डकवल्या, छातीला पट्टा, नाकाशी आणखी एक तार. सगळ्याच्या रेघा कागदावर उमटतात. (छाती हलतेय पण नाकात वारा नाही, असं दिसलं की पकडलाच चोर!) मी बजावलं, असल्या अवतारात मला झोप येणं शक्य नाही. लगेच आली. जागा झालो तर पंखा बंद, दिवा बंद, यंत्र बंद. लोडशेडिंग! मी तिथेच ठणकावलं, बंद पडलंय ते यंत्र, माझा श्वास नव्हे. त्यावर डॉक्टर खिडकी उघडून कागद दाखवतात, की वीज जायच्या आधीच नाकाची रेघ चार वेळा सपाट झाली होती. अहो, या शहरात वीजसुद्धा दिवसातून चार वेळा जाते, तिला कोणी इस्पितळात नेतं का?

आता म्हणे अख्खी रात्र तिथे झोपा, म्हणजे रोगाची खात्री होईल. मी स्वच्छ नकार दिला आहे. नाक माझं, श्वास माझा! तुम्हीही विमलला चार कडक शब्द लिहा. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद आणि डॉक्टरांना ठेंगा.

तुमचा ठणठणीत मेहुणा,
दिनकर

ता. क. कडक शब्द लिहू नका. विमलच शुक्रवारी हावड्याहून गाडीत बसते आहे, तिला उतरवून घ्यायला स्टेशनवर या. मला एकटं टाकून निघायला ती तयारच नव्हती. त्या रात्री मी इस्पितळात झोपेन, नर्स शेजारी बसेल, असं डॉक्टरांसमोर कबूल केलं तेव्हा कुठे ट्रंक काढली. नकार मी मागे घेतलेला नाही, पुढे ढकलला आहे.

आणखी एक. तिला सकाळी चहाला उठवू नका. जेवायलाही नको. किती वर्षांत ती सलग झोपलेली नाही, हे विचारलंत तर मला सांगता येणार नाही, मी झोपलेलो होतो. फारच वेळ उठली नाही, तर वहिनींना हळूच जाऊन बघायला सांगा, श्वास चालू आहे ना. चालूच असेल. तरी बघा, आणि मला तारेने कळवा.