नारळावाचून ओटी

१० जानेवारी २०१९
आज गुरुवार, दत्ताचा वार. लाखनीहून टेम्पोने तुमसरजवळच्या या जुन्या ठेसनात राहायला आलो. रूळ काढून, फरशी टाकून, वर छप्पर घालून आत अख्खी पेठ वसवली आहे. खाली दुकानं, वर खोल्या, दवाखानासुद्धा! जुन्या तिकीटघरात यांचं साड्यांचं दुकान. चार वर्षांची ममता विचारत होती, गाडी कधी येते? हे म्हणाले, आता इथं गाडी नाही, साडी येते.

१३ जानेवारी
देव्हारा मांडला. बायकांच्या वेटिंग रूममधला लाकडी बाक शोभेला तसाच ठेवला आहे. झाडणाऱ्या चंद्रभागाबाई त्याखालून झाडत नाहीत. टोकलं तर म्हणाल्या, बसल्या बाईले कायले उठवू? बाक तर रिकामा होता. थट्टेखोर दिसतात.

१५ जानेवारी
संक्रांत. दुपारी पेठेतल्या बायकांना हळदीकुंकू केलं. वाणाला चहाच्या गाळण्या, ओटीला घरचे तांदूळ. नारळ घेतला नाही. देव भावाचा भुकेला. शेवटी बाकावर हिरव्या लुगड्यातली एक अनोळखी बाई दिसली. सवाष्ण रिकामी कशी जाऊ द्यायची? तिने पदर पसरला. ममता खुदकन हसून त्यातच जाऊन बसली. मीही हसले, अन् लेकीच्या अंगावरूनच पाच ओंजळी घातल्या. बाई म्हणाली, फळ बी आलं.

१६ जानेवारी
ममता जेवत नाही. सकाळपासून बाकावर बसून आहे. तिच्या अन् बाकाच्या मधे वीतभर जागा आहे. मी हात घालून पाहिला. गार लुगडं लागलं.

१८ जानेवारी
चंद्रभागाबाईंचे पाय धरले. त्याच रडू लागल्या. म्हणाल्या, तिचं लेकरू गाडीत चढलं, थे खालीच राहिली, तवापासून रिकाम्या पदरानं बसून राहिली. पण बाई, ओटीत घातलेलं परत मागता येते का, तुम्हीच सांगा.
शेंडीचा मोठा नारळ आणून बाकावर ठेवला. घरंगळत माझ्याच पायाशी आला.

१९ जानेवारी
यांनी अन् मी मिळून ममताला ओढलं. हलत नाही. केसांतले तांदूळ झटकले तर पुन्हा — ममता मला काकू म्हणाली.

२० जानेवारी, दुपार
फरशी थरथरते आहे. रूळ नाहीत तरी — शिट्टी. ममता बाकावरून वर उचलली गेली, कडेवर घेतल्यासारखी. हे मागे धावले — ती हात हलवते आहे — मी पदर पसरला, म्हटलं, बाई, मीही सवाष्ण, मला रिकामी —