भूषणचा नंबर बाबांच्या फोनात

बेज्जूर, ४ नोव्हेंबर २०२५

ती. उत्कर्षाताईस,
भूषणचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नको, मी धडधाकट आहे. फक्त माझं सिम प्राणहितेत गेलं. मी इकडं गिधाडं पाह्याला आलो. कड्यावरचं गिधाड पंख पसरते तेव्हा आपल्या दुकानाचं अर्धं शटर उघडल्यासारखं वाटते. असो, सिमचं सांगत होतो. मोतीराम नावाड्याच्या नावेत बसलो अन् फोनची बॅटरी संपली. सिम काढून त्याच्या फोनात टाकावं म्हटलं. पिन नव्हती, बाभळीचा काटा घातला. सिमचा ट्रे मोडला अन् सिम उडून पाण्यात. मोतीराम म्हणे, आता माशाला फोन लागते.

तुमचे सगळे नंबर त्याच सिमात होते, पाठ एकही नाही. घरचा पत्ता तेवढा पाठ आहे, म्हणून हे पत्र.

इथला झेरॉक्सवाला म्हणते की माझ्या फोनात ई-सिम चालते. त्याला कार्डच नसते. कंपनी ठिपक्याठिपक्यांचा चौकोनी कोड देते, तो फोननं स्कॅन केला की जुनाच नंबर सुरू. पण नंबर बाबांच्या नावावर आहे. आधार घेऊन अंगठा द्यायला त्यांनाच आदिलाबादला जावं लागेल. मी दुकान सोडून निघालो तेव्हापासून, आठ महिने झाले, ते माझ्याशी बोलत नाहीत. काऊन जातील ते?

पण नवा नंबर मला नको, ताई. आईला वाचता येत नाही. बटणांवरून बोट फिरवून एवढा एकच नंबर तिला लावता येते. तो गेला तर ती मला कुठं शोधेल? मी काय एका गावात टिकतो?

माझ्यावर लोभ आहे तेवढा सगळा या कामाला लाव.
तुझा,
भूषण


तामसी, १२ नोव्हेंबर

चि. भूषणला ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी बाबांपुढं ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं अन् म्हणाले, नदीत टाकलं ना, मग नदीलाच माग. तिसऱ्या दिवशी मात्र इस्त्रीचा सदरा घालून बसस्टँडवर उभे. मला म्हणे बल्बचे होल्डर संपले, आदिलाबादहून आणतो. दुकानात होल्डरची दोन खोकी भरलेली आहेत. दुपारी होल्डरचं तिसरं खोकं घेऊन आले, अन् पाकिटात कोडाचा कागद.

आता पुढचं ऐक. आपल्या दुकानातून न तपासलेला बल्ब कधी बाहेर गेला का? गिऱ्हाइकापुढं पेटवून दाखवायचा, मगच कागदात गुंडाळायचा. बाबांनी कोडही तसाच तपासला. मी दिवाळीला घेऊन दिलेल्या फोननं स्कॅन केला, फोन विचारेल त्याला हो म्हटलं. नंबर लगेच चालू झाला. माल चोख आहे म्हणून खूश होऊन त्यांनी पाकीट चिकटवलं. अरे, तो कोड एकदाच चालते. तुझा नंबर आता बाबांच्या फोनात बसला आहे.

परत चला म्हटलं तर म्हणतात, एकदा गेलो, पुरे. आईला मी काही सांगितलं नाही, टॉवर बिघडला होता म्हटलं. तुझ्या नंबरवर फोन आला की बाबा दुकानाबाहेर जाऊन बोलतात. काय बोलतात ते मला कळू देत नाहीत.

काळजी घे, अन् काटे जपून वापर.
ताई


बेज्जूर, १७ नोव्हेंबर

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

बाबांना सांग, हात जोडतो, फोन उचलू नका. माझे दोस्त हॅलोच्या आधी शिवी देतात. मोतीराम हसून हसून नावेत आडवा झाला. इथं काल कड्यावर गिधाडांची जोडी... जाऊ दे, ते मग लिहितो. नंबर बंद तर नाही ना करणार ते? तेवढंच कळव. जीव टांगणीला लागला आहे.

तुझाच,
भूषण


तामसी, २१ नोव्हेंबर

चि. भूषण यास धोंडीबाचा आशीर्वाद.

तुझ्या सोबत्यांच्या शिव्या ऐकल्या. मी प्रत्येकाला त्याच्या बापाचं नाव विचारलं. तेव्हापासून त्यांचे फोन येत नाहीत.

मंचेरियलच्या देवकाबाईंचा आला होता. तू दुरुस्त केलेला पंखा दोन महिने झाले तरी आवाज करत नाही, हे सांगायला. कंडेन्सर बदलला की वाइंडिंग केलं, मी विचारलं. त्या म्हणाल्या, पोरगा दिवसभर तांब्याची तार गुंडाळत बसला होता. माझ्या दुकानात तू एवढा वेळ एका जागी कधी बसला नाहीस.

परवा संध्याकाळी मी दुकानात असताना तुझ्या आईचा फोन आला. उचलावा की नाही कळेना. उचलला. तिनं विचारलं, जेवला का. मी हूं म्हटलं. ती म्हणाली, आवाज बसला रे तुझा, बापासारखा येऊन राह्यला. घरी गेलो तर मलाच सांगते, पोराशी बोलणं झालं, बरा आहे. त्या आनंदात मला दोन भाकरी जास्त वाढल्या. कालही तसंच झालं.

हे मला रोज जमणार नाही. तिच्याशी मी आजवर खोटं बोललो नाही, अन् एवढ्या भाकरीही पचत नाहीत. नंबर बंद करणार नाही. २९ तारखेला, शनिवारी, आदिलाबादच्या बसस्टँडवर दहाच्या आत ये. अंगठा माझा, फोन तुझा. नवा कोड तिथंच काढू. मग आईला लाव अन् जेवला की नाही ते तुझ्या तोंडानं सांग. दुकानाचा विषय मी काढणार नाही. डबा दोघांचा आणतो.

लोभ होता तेवढाच आहे.
तुझा बाप,
धोंडीबा